खणातलं पाणी

तोलमे बेटावर कुणाच्या घरी सोयाबीन आंबवायचा रांजण भरायचा असला की आधी कुमदानला बोलावणं जायचं. मिठाचं पाणी जमलंय की नाही ते बघायला. ती त्या पाण्यात कोंबडीचं अंडं सोडायची. अंडं तळाला बसलं तर पाणी फिकं, आडवं होऊन तरंगायला लागलं तर फार खारट. वर नाण्याएवढं टक्कल दिसलं की ती म्हणायची, "आलं बघा म्हातारं डोकं वर काढून," आणि बायका दरवर्षी त्याच विनोदाला हसायच्या. तिच्या हातचा रांजण कधी नासला नाही. त्यामुळे गीमच्या जाळ्यांना ॲसिडचं पाणी दाखवायची वेळ आली, तेव्हा ते कामही आपसूक तिच्याच गळ्यात पडलं.

गीम म्हणजे समुद्रातलं काळं शेवाळ. जाळ्यांवर वाढवायचं, कापायचं, कागदासारखं पातळ वाळवायचं. सगळं बेट त्याच्यावर जगत होतं. पण ज्या जाळ्यावर गीम धरतं त्याच जाळ्यावर हिरवं तणही धरतं, आणि तण गीमपेक्षा हावरट. ॲसिडच्या पाण्यात जाळं बुडवून काढलं की तण मरतं आणि गीम तगतं. निसर्गाची करणी म्हणायची. त्यासाठी सरकारमान्य औषध मिळायचं, सौम्य, निळ्या डब्यातलं. बेटावरचे लोक त्याला "काकडीच्या लोणच्याचं पाणी" म्हणायचे. समुद्र थंड असेपर्यंत ते पुरायचं. पण त्या हिवाळ्यात समुद्र थंड झालाच नाही. जाळी पोपटी दिसू लागली, आणि एकेका घरात कारखान्यातल्या जहाल ॲसिडचे पांढरे पिंप येऊ लागले. त्याला कायद्याची बंदी होती. गस्तीची बोट यायची, कागदाची पट्टी बुडवून पाणी तपासायची, सापडला त्याचं पीकच्या पीक समुद्रात ओतून टाकायची. तरीही पिंप येतच होते.

कुमदानचा नवरा दालसू अबोल माणूस. त्यानं पिंप आणले तेव्हा बायकोला एवढंच विचारलं, "जमेल ना?"

"पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही," ती म्हणाली. "एवढं पाळलं तर जमेल. आणि वारा पाठीशी हवा."

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. लग्नाआधी मोक्पो शहरातल्या गीमच्या कारखान्यात ती काही वर्षं होती. तिथल्या मुकादमानं काचेची तरंगती नळी कशी वाचायची, कागदाचा रंग कसा बघायचा, हे दाखवलं होतं. नळी किती बुडाली यावरून पाणी किती जहाल ते कळायचं. फार जहाल झालं तर गीमच लालसर होऊन झडायचं, फिकं झालं तर तण हसत बाहेर यायचं. कुमदान त्या दोहोंमधली रेघ बरोबर पकडायची. शेजारपाजारच्या बोटीवरून हाका यायच्या, "कुमदानबाई, जरा आमचंही बघून जा!" तिला त्याचा थोडा अभिमानही होता. नव्हता म्हटलं तर खोटं होईल.

बोटीवर तिसरा माणूस म्हणजे दीर, हाकमो. भावाच्या अगदी उलटा. तोंडाला कुलूप म्हणून नाही. त्याची बायको ओकबुन कातळावर जाऊन ऑक्टोपस धरायची. ही दोन घरं एकाच अंगणात, मधे फक्त रांजणांची ओळ. ओकबुन थोरल्या जावेला "ताई" म्हणायची, पण भांडायची मात्र धाकट्या बहिणीसारखी.

त्या दिवशी दुपारी सगळे कुमदानकडेच जेवायला होते. ती अंगणातल्या शेगडीवर बांगडे भाजत होती आणि हाकमो नेहमीप्रमाणे बातमीपत्र वाचत होता.

"पलीकडच्या बेटावरचा आन नावाचा तो लंगडा काल सापडला. पिंप बिचाऱ्यानं दोर बांधून समुद्रात सोडले होते, बोटीवर काही नाही. पण साहेबानं बोटीच्या खणातल्या पाण्यात पट्टी बुडवली. लाल! आपल्या मिरचीच्या चटणीसारखी लाल! मग काय, रडारड."

"खण धुवायला काय झालं होतं त्याला?" ओकबुन म्हणाली.

"वेळ मिळायला नको? वहिनी, तुम्ही सांगा. ती पट्टी लाल होऊच नये असं काही करता येत नाही का हो?"

कुमदानचं लक्ष माशावर होतं. चरबी निखाऱ्यांवर पडून भडका उठत होता. "ॲसिड खारानं मरतं," ती म्हणाली. "खायचा सोडा टाकला की फसफसतं आणि गप्प बसतं."

"एवढा सोडा कुठून आणू? भज्यांचं दुकान थोडंच आहे आपलं. ब्लीच चालेल का? खण घासायला असतंच की बोटीवर. तेही बोटाला साबणासारखं बुळबुळीत लागतं."

"बुळबुळीत लागतं म्हणजे खारच ते," कुमदान म्हणाली, आणि बांगडा उलटला.

एवढंच बोलणं झालं. दालसू तोंडातला काटा काढत होता. ओकबुन नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही काय आता शाळामास्तर होणार का? जेवा गप." हाकमोनं भाताच्या दारूचा वाडगा उचलला, वहिनीच्या दिशेनं मान लववली आणि म्हणाला, "गुरुजी, शिष्याचा नमस्कार." सगळे हसले. कुमदानही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. धुकं असलं की गस्तीची बोट येत नाही, म्हणून सगळं बेटच समुद्रावर उतरलं होतं. दालसूनं बोट जाळ्याच्या रांगेखाली घातली. जाळं पुढून बोटीवर चढत होतं, मधल्या लांबट हौदातल्या ॲसिडच्या पाण्यातून जात होतं आणि मागून परत समुद्रात उतरत होतं. कुमदान हौदापाशी उभी होती. पिंपाचं झाकण उघडलं की पांढरा धूर निघायचा, ओल्या हवेत तो जास्तच दाट व्हायचा आणि घशाला ओरबाडायचा. ती तोंड फिरवून श्वास घ्यायची, मापानं ॲसिड ओतायची, नळी सोडायची, बघायची. जाळं पोपटी आत जात होतं आणि बाहेर येताना त्याच्यावरचं तण उकडल्यासारखं मलूल पडलेलं असायचं.

धुकं अचानक उचललं गेलं. पडदा ओढावा तसं. आणि भूशिराच्या टोकापाशी राखाडी बोट दिसली.

"आली," दालसू म्हणाला.

हौदाचं बूच ओढलं गेलं, पाणी समुद्रात गेलं. दालसू आणि हाकमोनं पिंपांना दगड बांधून एकेक करून पाण्यात सोडले, दोराचं टोक जाळ्याच्या पाण्यावर तरंगणाऱ्या तरंडीला अडकवलं. राखाडी बोट अजून लांब होती. शेवटचा पिंप बोटीच्या पोटातल्या खणात ठेवलेला होता. हाकमोनं खणाची फळी उचलली आणि शिवी हासडली. पिंपाचं झाकण लाटांनी सैल झालं होतं. अर्ध्याहून जास्त ॲसिड खणात सांडलं होतं, तळाशी साचलेल्या समुद्राच्या पाण्यात मिसळून घोट्याएवढं होऊन हिंदकळत होतं. वरून वाफ निघत होती.

दालसूनं पंप चालू केला. पंप घरघरला आणि बंद पडला. त्याच्या तोंडाशी तण अडकलं होतं.

"बादलीनं काढू," दालसू म्हणाला.

"बादलीनं संध्याकाळ होईल, दादा!" हाकमो पुढच्या बाजूला पळाला.

"भावजी, खाली उतरू नका," कुमदान ओरडली. "वाफ लागेल!"

"अहो वहिनी, वाफेला भ्यायलो असतो तर तुमच्या जावेच्या हातचं कालवण इतकी वर्षं प्यायलो असतो का?"

तो हे म्हणाला तेव्हा त्याच्या हातात डबा होता. ब्लीचचा मोठा डबा. कुमदाननं तो पाहिला. पाहून तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं हे तिला नंतर फार छळणार होतं. तिच्या मनात आलं, बरोबर, खारच तो, पट्टी लाल होणार नाही.

हाकमो शिडीवरून खाली उतरला. डबा ओतल्याचा घळघळ आवाज आला, मग फसफस, आणि मग असा एक खोकला की तो माणसाचा वाटेना. खणाच्या तोंडातून हिरवट पिवळं काहीतरी वर आलं, धुरासारखं हलकं नाही, जड, काठाला चिकटून सरपटणारं. वास ब्लीचचाच, पण शंभर पटींनी. कुमदानच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"हाकमो!" दालसूनं हाक मारली. उत्तर नाही. तो थेट खणात उतरला. तिनं त्याच्या शर्टाला हात घातला होता. शर्ट निसटला.

मग ती एकटीच बोटीवर होती.

तिनं डोक्याचा पंचा समुद्रात भिजवला, तोंडावर दाबला आणि शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत गेली. छातीत कुणीतरी मूठ आवळली. ती मागे पडली. पुन्हा गेली. दालसूचा हात शिडीवर होता, तो वर येत होता आणि घसरत होता. जाळं ओढायच्या यंत्राचा दोर तिनं त्याच्या मनगटात अडकवला आणि यंत्र सुरू केलं. नवऱ्याला तिनं जाळ्यासारखं वर ओढलं. त्याचा खांदा निखळला, तो फळीवर पडून मासा तडफडावा तसा तोंड उघडझाप करू लागला. हाकमो तळाशी उताणा पडलेला तिला वरून दिसला. त्याच्या पोटावरून ते पाणी हिंदकळत होतं.

तिनं मान वर करून राखाडी बोट शोधली. आता तीच देव होती. पण राखाडी बोट भूशिराला वळसा घालून दुसरीकडे निघाली होती. ती त्यांच्याकडे यायला निघालेलीच नव्हती.

कुमदान उभी राहून किंचाळत राहिली. आली ती गावप्रमुख नामची बोट. नाम सत्तरीचा, बेटावरचा सगळ्यात मोठा गीमवाला, आणि त्याच्याही बोटीवर पांढरे पिंप होतेच. त्यानं एक श्वास घेतला आणि काय झालंय ते ओळखलं. त्याच्या माणसांनी नळीनं खणात समुद्राचं पाणी सोडलं, वारा खेळू दिला, मग नाकातोंडाला ओलं फडकं बांधून हाकमोला वर काढलं. त्याचे ओठ निळे झाले होते. नामनं त्याच्या गळ्याला बोटं लावली आणि काढून घेतली.

किनारा येईपर्यंत नामची माणसं खण धूतच होती. पिंप, डबा, सगळं गेलं. नाम कुमदानजवळ उकिडवा बसला.

"कुमदानबाई, नीट ऐका. इंजिनाचा धूर. खणात धूर कोंडला आणि हाकमो गेला, त्याला काढायला दालसू उतरला. कळलं? ॲसिडचं नाव निघालं तर एकट्या तुमचं नाही, सगळ्या बेटाचं गीम समुद्रात जाईल. मेलेला माणूस परत यायचा नाही. जिवंतांचं बघा."

तिनं मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही. दालसू तिच्या मांडीवर खोकत होता.

मोक्पोच्या इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दालसूला तपासलं. नाम सोबत आला होता.

"काय गेलं यांच्या छातीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"इंजिनाचा धूर," नाम म्हणाला.

"तुम्ही होतात तिथं?" त्यांनी कुमदानकडे पाहिलं.

"होते."

"धूरच होता?"

कुमदाननं जमिनीकडे पाहिलं. फरशी फार स्वच्छ होती, तिलाही ब्लीचचाच वास येत होता. "धूर," ती म्हणाली.

ऑक्सिजन लावला. खांदा बसवला. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई परत आल्या, हातात रक्ताचा तपास. "रक्तात धुराची खूण दिसत नाही," त्या म्हणाल्या. "डोळे, घसा, सगळं पोळल्यासारखं आहे. बोटीवर रसायनं असतात का?"

"आम्ही गरीब कोळी, डॉक्टर," नाम म्हणाला. "कसली रसायनं?"

त्या कुमदानकडे बघत उभ्या राहिल्या. कुमदाननं दालसूचं पांघरूण सारखं केलं. त्या गेल्या.

दुपारपर्यंत दालसूला बरं वाटू लागलं. खोकला कमी झाला. तो तोंडावरची नळी बाजूला करून म्हणाला, "हाकमो?"

"शेजारच्या खोलीत आहे," ती म्हणाली. हाकमो तळघरातल्या शीतपेटीत होता आणि ओकबुन त्या पेटीबाहेरच्या बाकावर बसली होती, कातळावरून तशीच आलेली, पायांत रबरी बूट.

नाम हसून म्हणाला, "बघा, दालसू बैलासारखा आहे. उद्या घरी." इस्पितळवाल्यांनाही तसंच वाटलं असावं. त्याला साध्या खोलीत हलवलं.

ऊन उतरायला लागलं तसा त्याचा श्वास बदलला. आधी घोरल्यासारखा, मग पाण्यात नळी घालून फुंकावं तसा बुडबुड. कुमदाननं दिवा लावला. त्याच्या ओठांवर गुलाबी फेस होता. तो तिच्याकडे बघत होता आणि त्याला हवा मिळत नव्हती. कोरड्या खोलीत, गादीवर पडल्यापडल्या तो बुडत होता.

ती पायात चपला न घालता धावली. डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या.

"ॲसिड होतं," कुमदान म्हणाली. "कारखान्यातलं, कडक. खणात सांडलं होतं. त्यात ब्लीच ओतलं. हिरवा पिवळा वायू निघाला. दोघांनी तो ओढला. धूर नव्हता. धूर नव्हताच."

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "किती वेळ आत होते?" आणि उत्तर ऐकता ऐकता पळत सुटल्या.

त्या रात्रीत दालसूच्या घशात नळी गेली, यंत्र त्याच्यासाठी श्वास घेऊ लागलं. तो मेला नाही. नंतर केव्हातरी कुमदाननं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मी सकाळीच सांगितलं असतं तर?"

त्या म्हणाल्या, "हा वायू आधी जाळतो आणि मग काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. मधे माणूस बरा वाटतो. आम्हाला माहीत असतं तर आम्ही वाट बघत तयार बसलो असतो. याहून जास्त मी सांगू शकत नाही, मावशी."

त्याच रात्री नामला व्हरांड्यातच कळलं होतं. त्यानं कुमदानला भिंतीपाशी गाठलं. "काय केलंत हे? कुणाकुणाला बुडवलंत, कळतंय का?"

"बुडालेले दोघे आहेत, प्रमुखसाहेब," ती म्हणाली. "एक खाली शीतपेटीत आहे, एक वर. तिसरा कोण ते तुम्ही सांगा."

तटरक्षक आले. तिनं सगळं सांगितलं, पिंप कुठे सोडलेत तेही. त्यांनी बेटाभोवतीचे दोर ओढायला सुरुवात केली आणि एकेका दोराला एकेक पांढरा पिंप लागत गेला. त्या हंगामाचं तोलमेचं गीम कुणी विकत घेतलं नाही. जे वाळलं होतं ते जप्त झालं, जे जाळ्यावर होतं ते पिवळं पडून गळलं. नामसकट बऱ्याच जणांवर खटले झाले. दालसूवरही झाला. तेव्हा तो यंत्रावर होता.

हाकमोच्या अंत्यविधीला इस्पितळाच्या खालच्या दालनात त्याचा हसरा फोटो पांढऱ्या फुलांत ठेवला होता. तिखट मांसाचं कालवण मोठ्या पातेल्यात उकळत होतं, आणि खाणारं कुणी नव्हतं. एरवी गावातला कुत्रा मेला तरी लोक मयताच्या सोबतीला दोन दिवस पत्ते कुटत जागायचे. ओकबुन सुतकाच्या खरबरीत कपड्यात बसली होती. कुमदान फोटोपुढे जाऊन दोनदा साष्टांग वाकली. उठताना तोल गेला, तेव्हा ओकबुननंच तिला धरलं.

"ताई, काही खाल्लंत का?" ती म्हणाली.

कुमदाननं हात सोडवून घेतला.

ब्लीचची ती गोष्ट ओकबुनला माहीत नव्हती असं कसं म्हणावं? ती तिथंच जेवत होती. पण तिनं ते बोलणं कानाआड केलं होतं, नवऱ्याच्या शंभर बडबडींतली एक बडबड म्हणून. सगळे म्हणत होते, हाकमो येडा, घाईत काहीतरी ओतलं. ओकबुनही तसंच म्हणू लागली होती. "त्यांना कधी अक्कल होती?" असं म्हणून रडायची. कुमदानला ते ऐकवेना. महिना झाल्यावर एका सकाळी ती अंगण ओलांडून गेली. ओकबुन काठ्यांवर ऑक्टोपस वाळत घालत होती, एकेक पाय ताणून.

"भावजी येडे नव्हते," कुमदान म्हणाली. "त्यांनी मला विचारलं होतं. मी बांगडे भाजत होते तेव्हा. ब्लीच चालेल का म्हणून. मी म्हणाले, तेही खारच. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला."

ओकबुनचे हात थांबले.

"मला मिठाचं पाणी कळतं, जाळ्याचं पाणी कळतं," कुमदान बोलत राहिली. "ॲसिड आणि ब्लीच मिळून काय निघतं ते मला माहीत नव्हतं. पण नाही माहीत असं म्हणायला हवं होतं. मी मासा उलटला."

ओकबुननं ऑक्टोपसचा राहिलेला पाय काठीला नीट बांधला.

"हे मला का सांगितलंत?"

"तुला कळायला हवं होतं."

"मला की तुम्हाला?" ओकबुनचा आवाज चढला नव्हता. "मी म्हणत होते, माझा नवरा आपल्या मूर्खपणानं मेला. त्यांच्यावर रागावत होते. रागावून झालं की झोप यायची. आता मी कुणावर रागावू? रोज सकाळी रांजणांपलीकडे तुम्ही तांदूळ धुणार, मी ते ऐकणार. तुमचं ओझं हलकं झालं, ताई. माझ्या अंगणात आणून टाकलंत."

कुमदान तशीच उभी होती. क्षमा मागायला ती आली होती की नाही, हे तिला तिथं उभं राहिल्यावर उमगेना.

"जा आता," ओकबुन म्हणाली. "वारा सुटलाय. ओले आहेत हे अजून."

वसंतात ओकबुन योसूला गेली, माहेरच्या गावी. तिथं एका माशांच्या कारखान्यात लागली असं कुणीतरी सांगितलं. जाताना तिनं कुमदानच्या दारात शिजवलेल्या शेवाळाच्या साराचं भांडं ठेवलं, झाकून. निरोप घेतला नाही.

दालसू घरी आला तो ऑक्सिजनच्या यंत्रासकट. अंगणापर्यंत चालला तरी त्याला दम लागायचा. जाळी दुसऱ्याला दिली. तो दिवसभर खिडकीशी बसायचा. एकदा, यंत्राची गुरगुर चालू असताना, तो काहीही संदर्भ नसताना म्हणाला, "मीही ऐकलं होतं."

ती भाजी निवडत होती. तिला कळलं तो कशाबद्दल बोलतोय.

"मी जेवत होतो," तो म्हणाला.

त्यापुढे दोघं कधी त्या विषयावर बोलली नाहीत. पण त्या दिवसापासून रात्री तिला कूस बदलताना एकटीनं बदलल्यासारखं वाटेना.

गाव तिच्याशी बोलत नव्हतं. दुकानात गेली की बायका वजनकाट्याकडे बघायच्या. रांजण भरायच्या दिवसांत बोलावणं आलं नाही. लोकांनी आपापलं अंडं सोडलं, आणि नामच्या घरचा रांजण नासला असं ऐकू आलं. कुमदानला त्यानं बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

शरदात पुन्हा जाळी पडली. समुद्र त्याही वर्षी गरमच. एका दुपारी शेजारची मा बाई, जी दुकानात तोंड फिरवायची तीच, मागच्या दारानं आली. हातात कांद्याची पात, निमित्ताला.

"कुमदानबाई, तुमच्याशी एक बोलायचं होतं. आमच्याकडे... म्हणजे नवऱ्यानं आणलेत. दोन पिंप. ते नळीचं काही जमत नाही आम्हाला. किती घालायचं, तेवढं सांगाल का?"

आतून यंत्राची गुरगुर ऐकू येत होती. मा बाईलाही ती ऐकू येत होती.

"पुन्हा आणलेत?"

"सगळ्यांनीच आणलेत. मुलांची शिक्षणं आहेत, काय करणार?"

"बोटीवर ब्लीच आहे का तुमच्या?"

"असेल की. खण घासायला लागतंच."

कुमदाननं हात धुतले, रबरी बूट चढवले आणि काही न सांगता धक्क्यावर गेली. भर दुपार होती, ओहोटी, बोटी चिखलावर कललेल्या. माणसं जाळी विणत बसली होती. ती पहिल्या बोटीवर चढली, मा बाईच्याच. पुढच्या पेटीत ब्लीचचा डबा होता. तिनं तो उचलला आणि धक्क्यावर ठेवला. मग शेजारच्या बोटीवर चढली.

"ए बाई, काय चोरतेस?" कुणीतरी ओरडलं.

"ब्लीच," ती म्हणाली. "पिंपांना मी हात लावत नाही. ते तुम्ही आणि तुमचं नशीब. पण हे बोटीवर ठेवायचं नाही. हे आणि ते एका खणात नको."

"तू कोण सांगणारी?"

"मी उतरले होते त्या खणापर्यंत," ती म्हणाली. "तुम्ही नव्हतात."

कुणी उठलं नाही, कुणी मदत केली नाही. एक जण तिच्या पायाशी थुंकला. एक तरुण मात्र, आपली पाळी आली तेव्हा, न बोलता डबा तिच्या हातात देऊन खाली बघत राहिला. नामच्या बोटीवर नाम स्वतःच बसला होता. खटल्यानंतर त्याचे खांदे उतरले होते. तो तिच्याकडे पाहत राहिला. "आमच्याकडे नाही," तो म्हणाला.

ती हलली नाही.

"नाही म्हणालो ना?"

ती तशीच उभी. शेवटी तो उठला, कण्हत वाकला, आणि दोरांच्या गुंडाळीखालून डबा काढून त्यानं धक्क्यावर ढकलला. डबा लवंडला. तिनं तो सरळ केला, झाकण घट्ट केलं.

डबे जड होते. तिनं ते हातगाडीत रचले आणि चढावरून घराकडे ढकलत निघाली. वाटेत दोनदा थांबावं लागलं, कारण त्या दिवसानंतर तिचाही श्वास पूर्वीसारखा राहिला नव्हता.